९८ ब्लॉकचा तट: माइनक्राफ्टमध्ये मोठं बांधकाम न कंटाळता

९८ लांब, ५ रुंद, १२ उंच. माइनक्राफ्टमध्ये किल्ल्याचा एकच तट घेतला तरी ५,८८० ब्लॉक होतात, म्हणजे ९२ स्टॅक (६४ ब्लॉकचा एक गठ्ठा), चार शुल्कर बॉक्स (सामान नेण्याच्या पेट्या) लागतील एवढा माल. जावा एडिशनमध्ये (संगणकावरची मूळ आवृत्ती) उजवं बटण दाबून धरलं की दर चार टिकला (टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा एक ठोका) एक ब्लॉक बसतो. सेकंदाला २० टिक, म्हणजे सेकंदाला पाच ब्लॉक. या हिशेबाने तट २० मिनिटांत उभा राहायला हवा, पण प्रत्यक्षात सगळी संध्याकाळ जाते. वरचा वेळ खातं ते मोजणं, वळणं, नेम पुन्हा धरणं आणि सातव्या थरावर पोचल्यावर तिसरा थर एका ब्लॉकने चुकलाय हे कळल्यावर केलेली पाडापाडी. त्यामुळे वेगवान माउस किंवा नवा मॉड (गेमला जोडायचा प्रोग्राम) शोधण्याआधी मोजणी एकदाच करून तिला कायमचं मोकळं कसं व्हायचं, ते बघू. उदाहरण हाच तट आणि त्याचे बुरूज.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. गेममध्ये त्या आणि त्यातले आकडे रोमनमध्ये टाइप करायचे.)

लांबी चर्येवरून ठरवा

बहुतेक जण आधी "शंभर ब्लॉकचा तट" म्हणून सुरुवात करतात आणि माथ्यावर पोचल्यावर अडकतात. चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) दोन ब्लॉक रुंद आणि दोन चर्यांमध्ये एक ब्लॉक मोकळा, असं ठरवलं तर तटाच्या दोन्ही टोकांना अख्खी चर्या येण्यासाठी लांबी चर्यांच्या संख्येला ३ने गुणून १ वजा अशी हवी. ३३ चर्या म्हणजे ९८. शंभर घेतलेत तर शेवटी अर्धवट चर्या उरते आणि मग कुठेतरी मधे दोन मोकळ्या जागा घालून ती लपवावी लागते. ते लांबून लगेच दिसतं.

दुसरी नेहमीची चूक कोऑर्डिनेटची, म्हणजे जागा सांगणाऱ्या आकड्यांची (एक्स पूर्व-पश्चिम, वाय उंची, झेड उत्तर-दक्षिण). एक्स १०० पासून १९७ पर्यंत ९७ नाही, ९८ ब्लॉक असतात. वजाबाकी करून एक मिळवायचा, दरवेळी. उणे आकड्यांतही तेच: झेड -२० ते -१६ म्हणजे पाच. एफ३ दाबल्यावर उजवीकडे 'टार्गेटेड ब्लॉक' दिसतो, तोच आकडा टिपून ठेवा. डावीकडचा आकडा तुम्ही उभे आहात त्या जागेचा असतो आणि तो घेतल्यामुळेच निम्मे तट एका ब्लॉकने सरकतात. बेडरॉकमध्ये (मोबाइल आणि कन्सोलवरची आवृत्ती) एफ३ नाही, तिथे वर्ल्डच्या सेटिंगमध्ये 'शो कोऑर्डिनेट्स' चालू करायचं.

कोपऱ्यांवर भडक रंगाच्या लोकरीचा एकेक ब्लॉक ठेवा. सुतार दोरी आखतो तसंच हे काम आहे आणि याला पाच मिनिटं दिली की पुढचं सगळं सरळ होतं.

/फिल: तट, आणि मग बुरूज

क्रिएटिव्हमध्ये (जिथे ब्लॉक अमर्याद मिळतात) किंवा चीट (कमांड चालवण्याची परवानगी) चालू असलेल्या वर्ल्डमध्ये तट एका ओळीत होतो:

/फिल १०० ६४ -२० १९७ ७५ -१६ स्टोन_ब्रिक्स

या कमांडची मर्यादा एका वेळी ३२,७६८ ब्लॉक, म्हणजे ३२ गुणिले ३२ गुणिले ३२. आपला तट त्यात आरामात बसतो. जावाच्या १.१९.४ आवृत्तीपासून ही मर्यादा गेमरूलने (वर्ल्डचा नियम बदलणारी सेटिंग) वाढवता येते, पण मी ती वाढवायला सांगणार नाही. मोठी कमांड चालू असताना गेम गोठतो, आणि आकडा चुकला असेल तर चूकही तेवढीच मोठी होते. साध्या माइनक्राफ्टमध्ये अनडू नाही, हे विसरू नका. मोठ्या कामाआधी वर्ल्डच्या यादीत 'एडिट' आणि मग 'मेक बॅकअप', एवढं तरी कराच.

आता बुरूज. गोल म्हटलं की लोक घाबरतात आणि इंटरनेटवरचं वर्तुळाचं चित्र बाजूला उघडून एकेक ब्लॉक ठेवत बसतात. १५ व्यासाच्या वर्तुळात रांगांची रुंदी अशी असते: ५, ९, ११, १३, १३, मग १५ची रांग पाच वेळा, आणि उलट क्रमाने परत ५ पर्यंत. एकूण १७७ ब्लॉक. या आकाराकडे नीट पाहिलं तर तो एकमेकांवर ठेवलेल्या फक्त पाच आयतांचा आहे. म्हणजे १२ थरांचा भरीव बुरूज, २,१२४ ब्लॉक, पाच कमांडमध्ये होतो. मधोमध १२ ब्लॉकचा खांब उभा करा, त्याच्या माथ्यावर उभे राहा आणि (~ म्हणजे तुम्ही उभे आहात तिथून मोजलेला आकडा):

/फिल ~-७ ~-१२ ~-२ ~७ ~-१ ~२ स्टोन_ब्रिक्स
/फिल ~-६ ~-१२ ~-४ ~६ ~-१ ~४ स्टोन_ब्रिक्स
/फिल ~-५ ~-१२ ~-५ ~५ ~-१ ~५ स्टोन_ब्रिक्स
/फिल ~-४ ~-१२ ~-६ ~४ ~-१ ~६ स्टोन_ब्रिक्स
/फिल ~-२ ~-१२ ~-७ ~२ ~-१ ~७ स्टोन_ब्रिक्स

खांबावर उभं राहण्याचं कारण आहे. जमिनीवर उभं राहून हीच कमांड वरच्या दिशेने दिली तर पहिल्याच फटक्यात तुम्ही दगडात गाडले जाता, आणि बाहेर निघायला हललात की पुढच्या चार कमांडचा मध्य सरकतो. बुरूज वेडावाकडा होतो आणि का झाला ते कळत नाही. एकदा टाइप केलेली कमांड चॅटमध्ये वरच्या बाणाने परत मिळते, फक्त आकडे बदलायचे.

याच वर्तुळाची निवड आणखी एका कारणाने केली आहे. त्याची प्रत्येक बाजू शेवटी पाच ब्लॉक सपाट असते आणि आपला तटही पाचच ब्लॉक रुंद आहे. बुरुजाचा मध्य तटाच्या टोकापासून आठ ब्लॉक बाहेर ठेवला, म्हणजे इथे एक्स ९२, झेड -१८, की बुरुजाची सपाट बाजू तटाला तंतोतंत भिडते. दुसऱ्या टोकाचा मध्य एक्स २०५. सांध्यात एकही ब्लॉक कमी-जास्त करावा लागत नाही. तट सात रुंद हवा असेल तर आधी असं वर्तुळ शोधा ज्याची सपाट बाजू सात आहे.

चर्या: दुपटीचा हिशेब

३३ चर्या हाताने ठेवणं हे या किल्ल्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि इथेच /क्लोन (एखाद्या भागाची हुबेहूब प्रत दुसरीकडे उमटवणारी कमांड) सगळ्यात जास्त कामाला येतं. पहिली चर्या दोन रुंद, दोन उंच, तटाच्या बाहेरच्या कडेवर ठेवा. तिच्या पुढचा एक ब्लॉक मोकळा. हा तीन ब्लॉकचा तुकडा एक्स १०० ते १०२. आता:

/क्लोन १०० ७६ -२० १०२ ७७ -२० १०३ ७६ -२०

सहा ब्लॉक झाले. पुढच्या वेळी १०० ते १०५ उचलून १०६ वर, मग १०० ते १११ उचलून ११२ वर, मग १०० ते १२३ उचलून १२४ वर, मग १०० ते १४७ उचलून १४८ वर. पाच कमांडमध्ये ३२ चर्या, ९६ ब्लॉक. शेवटची चर्या १०० ते १०१ उचलून १९६ वर. तट पूर्ण. लांबी ९८ निवडण्याचा फायदा इथे दिसतो.

/क्लोनमध्ये तिसरा कोऑर्डिनेट नेहमी नव्या जागेच्या सगळ्यात कमी एक्स, वाय आणि झेडचा कोपरा असतो. तुम्ही कुठे बघताय, पहिला कोपरा कोणता दिलात, याच्याशी त्याचा संबंध नाही. उणे दिशेला क्लोन करताना नेमकं हेच चुकतं.

आणि /क्लोन आरसा दाखवत नाही, फिरवतही नाही. समोरच्या बाजूचा तट उभारायला अख्खा पहिला तट उचलून नेलात तर चर्या किल्ल्याच्या आतल्या कडेला येतील. त्यामुळे समोरचा तट नव्या /फिलने करा (झेड ९३ ते ९७) आणि फक्त चर्यांची ओळ झेड ९७ वर क्लोन करा. बाकीच्या दोन बाजू एक्स ९० ते ९४ आणि २०३ ते २०७, दोन्हीकडे झेड -१० ते ८७. त्यांच्या चर्या झेडच्या दिशेने दुपटीनेच.

बुरुजात दरवाजा आणि जिना असेल आणि तो चारही कोपऱ्यांत आतल्या बाजूला वळवायचा असेल तर स्ट्रक्चर ब्लॉक (बांधकाम साठवून दुसरीकडे उतरवणारा खास ब्लॉक) वापरा. जावात त्याची मर्यादा प्रत्येक दिशेला ४८ ब्लॉक, म्हणजे ९८चा तट मावत नाही, १५चा बुरूज सहज मावतो. 'सेव्ह' करून दुसरीकडे 'लोड' करताना रोटेशन बदलता येतं आणि पायऱ्यांची तोंडंही बरोबर वळतात. फक्त फिरवल्यावर आकृती स्ट्रक्चर ब्लॉकच्या दुसऱ्या बाजूला जाते, म्हणून लोड करण्याआधी चौकटीची पांढरी रेघ कुठे पडते ते पाहा.

"पोझिशन इज नॉट लोडेड"

किल्ल्याच्या आतलं अंगण १०८ गुणिले १०८. एक थर ११,६६४ ब्लॉकचा, म्हणजे /फिलच्या मर्यादेत एका वेळी दोनच थर बसतात. जमीन २० ब्लॉक खोल खणायची तर दहा कमांड. इथे दोन अडचणी येतात.

पहिली म्हणजे लांबचा कोपरा लोड झालेला नसतो आणि कमांड नाकारली जाते. मध्यभागी उभे राहा, रेंडर डिस्टन्स वाढवा, किंवा /फोर्सलोड ॲड ८५ -२५ २१२ १०२ द्या. या चौकोनात ८१ चंक (१६ गुणिले १६ ब्लॉकचे तुकडे, गेम जग याच तुकड्यांत लोड करतो) येतात. एका कमांडला २५६ पर्यंत चालतात. काम झालं की /फोर्सलोड रिमूव्ह ऑल द्यायला विसरू नका, नाहीतर ते चंक कायम जागे राहतात आणि गेमवर ओझं होतं.

दुसरी अडचण क्रमाची. कोपऱ्यातल्या बुरुजांचा काही भाग अंगणाच्या चौकोनात शिरतो. बुरूज आधी आणि अंगण नंतर केलंत तर फरशी बुरूज कापून जाते. आधी अंगण, मग बुरूज. उलट झालंच असेल तर /फिलच्या शेवटी 'कीप' लिहा, म्हणजे फक्त रिकाम्या जागाच भरल्या जातात.

बाकीचे शब्दही नीट ओळखा. 'आउटलाइन' फक्त बाहेरचं कवच बदलतं आणि आतलं तसंच ठेवतं, 'हॉलो' आतलं सगळं हवा करून टाकतं. खोल्या काढून झाल्यावर चुकून 'हॉलो' दिलं की आतलं सामान गेलं. 'डिस्ट्रॉय' टाळाच: तोडलेल्या प्रत्येक ब्लॉकचा माल जमिनीवर पडतो आणि हजारो वस्तू तरंगू लागल्या की गेम अडखळतो.

खंदक किंवा समुद्रातला किल्ला असेल तर पाणी काढणं हे वेगळंच प्रकरण. /फिल ... एअर रिप्लेस वॉटर दिल्यावर पाणी जातं आणि क्षणात परत येतं. कारण केल्प आणि सीग्रास हे ब्लॉक स्वतःतच पाणी धरून असतात. कमांड त्यांना पाणी समजत नाही, म्हणून ते राहतात आणि तिथून पाणी पुन्हा वाहतं. उपाय सोपा आहे: आधी चारही बाजूंनी भिंत, मग आतला सगळा भाग दगडाने भरायचा, मग तोच भाग हवेने. दोन फेऱ्यांत कोरडा. वाळूने भरू नका, खाली आधार नसेल तर ती कोसळते.

वर्ल्डएडिट असेल तर

सर्व्हरवर किंवा फॅब्रिकवर (मॉड चालवणारी व्यवस्था) वर्ल्डएडिट (एकदम अनेक ब्लॉक बदलणारा जोड-प्रोग्राम) असेल तर वरचं बरंच काम हलकं होतं. लाकडी कुऱ्हाडीने डाव्या आणि उजव्या क्लिकने दोन कोपरे धरायचे आणि //सेट. बुरुजाला //सिल स्टोन_ब्रिक्स ७ १२. त्रिज्या ७ दिली की व्यास १५ मिळतो, १४ नाही, आणि वर्तुळ तुमच्या पायापासून वर चढतं. चर्यांना //स्टॅक ३२ ईस्ट. हा आकडा नव्या प्रतींचा आहे, मूळची धरून ३३.

//पेस्टमध्ये सगळ्यांचीच एक चूक होते. //कॉपी करताना तुम्ही जिथे उभे होता, त्या जागेच्या संदर्भाने पेस्ट होतं. बुरुजापासून २० ब्लॉक लांब उभं राहून कॉपी केलीत तर पेस्टही २० ब्लॉक लांबच पडणार. म्हणून कॉपी करण्याआधी ओळखीच्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं. //पेस्ट -ए दिलं की हवा सोडून बाकीचं उमटतं, त्यामुळे आसपासची टेकडी कापली जात नाही.

वर्ल्डएडिटची खरी ताकद दगडाच्या पोतात आहे. एकाच ब्लॉकचा ९८ लांब तट प्लास्टिकसारखा दिसतो.

//रिप्लेस स्टोन_ब्रिक्स ७५%स्टोन_ब्रिक्स,१५%क्रॅक्ड_स्टोन_ब्रिक्स,१०%मॉसी_स्टोन_ब्रिक्स

हे सगळ्या तटावर एकदम देऊ नका. सगळीकडे सारखं मिश्रण टाकलं की भिंतीवर तीळ पेरल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात कुठल्याही किल्ल्यावर बघा: शेवाळ खालच्या थरांत आणि सावलीच्या बाजूला दाट, माथ्याकडे विरळ. खालचे तीन थर वेगळे निवडून त्यात मॉसी ३० टक्के, मधले थर जवळजवळ स्वच्छ, आणि तडे फक्त जंग्यांच्या (मारा करायच्या भोकांच्या) आणि दरवाज्याच्या आसपास. तीन निवडी, तीन कमांड, आणि तट खरा वाटायला लागतो.

सर्व्हायव्हल: हातानेच बसवायचे असतील तर

सर्व्हायव्हलमध्ये (जिथे माल स्वतः गोळा करावा लागतो) सगळा तट विटांचा, म्हणजे स्टोन ब्रिक्सचा, असायची गरज नाही. खऱ्या तटांतही अनेक ठिकाणी बाहेरून घडीव दगड आणि आत दगडमातीची भर असते. दोन बाहेरचे पदर आणि माथ्यावरची फांजी (तटावरून चालायची वाट) विटांची, आत कॉबलस्टोन (साधा खणलेला दगड): ५,८८० ऐवजी २,६४६ विटा, म्हणजे ४२ स्टॅक. शिवाय सिल्क टचच्या (ब्लॉक जसाच्या तसा मिळवून देणारी जादू) कुदळीने दगड खणला तर तो थेट स्टोन म्हणून मिळतो आणि भट्टीचं काम वाचतं. ५,८८० कॉबलस्टोन भाजायला एका भट्टीला सोळा तासांवर लागतात आणि ७३५ कोळसे, हे लक्षात घेतलं की सिल्क टच का आधी मिळवायचा ते कळतं.

थर टाकताना वाकून कडेवरून मागे सरकत जाणं ही सगळ्यात मंद पद्धत. वाकलं की वेग सेकंदाला जेमतेम १.३ ब्लॉक. त्यापेक्षा झालेल्या थरावर उभे राहा, वाकू नका, साध्या चालीने मागे जा आणि पायाच्या पुढ्यात वरचा थर टाकत राहा. चालीचा वेग सेकंदाला ४.३ ब्लॉक, बसवण्याचा पाच. मधे जागा सुटत नाही. धावत गेलात तर वेग ५.६ होतो आणि खिंडारं पडतात. नजर पायाजवळ ठेवा. फार पुढे पाहिलं की नव्या ब्लॉकच्या माथ्यावर दुसरा चढतो. अशी ९८ची एक रांग २३ सेकंदांत होते.

रांग तिरकी जाते ती नजर एखाद्या अंशाने वळलेली असल्याने. ९८ ब्लॉकवर एक अंश म्हणजे टोकाला पावणेदोन ब्लॉकांची चूक. एफ३ वर 'फेसिंग'पुढचा पहिला आकडा ०, ९०, १८० किंवा -९० च्या अगदी जवळ आणा आणि मग माउस हलवू नका. चीट चालत असतील तर /टीपी @एस ~ ~ ~ ९० ६० देऊन नजर थेट पश्चिमेला बांधता येते, मग मागे चाललं की तुम्ही सरळ पूर्वेला जाता. पहिली बाहेरची रांग काळजीने टाका, पुढच्या रांगा तिला घासून आपोआप सरळ येतात.

चुकलेला ब्लॉक काढण्याचीही सोय आधी करा. तटाच्या मध्याजवळ चार पायऱ्यांचा बीकन (१६४ ब्लॉक, आसपासच्या खेळाडूंना जास्तीची ताकद देणारा दिवा) उभारला तर त्याचा परिणाम चारही बाजूंना ५० ब्लॉकपर्यंत पोचतो, म्हणजे पूर्ण तट त्याच्या कक्षेत येतो. बीकनमधून हेस्ट २ (खणण्याचा वाढीव वेग) आणि एफिशियन्सी ५ची (वेग वाढवणारी जादू) हिऱ्याची कुदळ असेल तर स्टोन ब्रिक एका क्षणात निघतो. डीपस्लेटला हे लागू नाही, तो कठीण आहे. काळ्या दगडाचा किल्ला म्हणून डीपस्लेट निवडत असाल तर प्रत्येक चूक महाग पडेल हे धरून चाला, किंवा आधी क्रिएटिव्हमध्ये नमुना उभारून तो लिटमॅटिकामध्ये साठवा. तो मॉड तुमच्या सर्व्हायव्हल वर्ल्डमध्ये नमुन्याची धूसर प्रतिमा दाखवतो, एकेक थर वेगळा बघू देतो आणि कुठला ब्लॉक किती लागेल त्याची यादी काढून देतो. त्यातला 'ईझी प्लेस' चुकीच्या जागी ब्लॉक बसू देत नाही. आपोआप ब्लॉक बसवणारे प्रिंटर मात्र बऱ्याच सर्व्हरवर बंदी असलेले असतात, म्हणून नियम वाचून मगच वापरा.

दरवाजा, जंग्या आणि फांजीवर चढणाऱ्या पायऱ्या या तिन्ही गोष्टी मी शेवटपर्यंत हातानेच ठेवायला सांगेन. त्यांची संख्या कमी असते आणि प्रत्येकीची तोंडं, उंची, खाच वेगळी. जंगीच्या बाहेरच्या तोंडाला उलटी पायरी आणि आतल्या बाजूला सरळ पायरी लावली की भोक आत रुंद आणि बाहेर अरुंद दिसतं. पहिली जंगी मनासारखी झाली की तिच्यासाठी पुन्हा /क्लोन, तिसऱ्या चर्येच्या खाली, मग सहाव्या, मग नवव्या.